आजीच्या वह्या : प्रकल्प नोंदी

१८ फेब्रुवारी २०२४

आजीला जाऊन आज सहा आठवडे झाले. सगळे घरी जमले होते, तेव्हा ठरलं की पुढच्या जानेवारीत वर्ष होईल त्या वेळी तिच्यावर एक पुस्तिका काढायची. साठ-सत्तर पानांची. घरातल्यांसाठी, आणि तिच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी जे सापडतील त्यांच्यासाठी. काम माझ्याकडे आलं, कारण माळ्यावरची पत्र्याची ट्रंक मी खाली काढली होती.

ट्रंकेत ४३ वह्या निघाल्या. बहुतेक टाचणवह्या, म्हणजे उद्या वर्गात काय घ्यायचं ते आदल्या रात्री लिहून ठेवायच्या. काही घरखर्चाच्या. शिवाय दोन पिशव्या पत्रं, मनिऑर्डरच्या पोचा आणि आठ फोटो.

हाताशी असलेली माहिती एवढीच : जन्म, शाळेच्या दप्तरी, १ जून १९३०. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवीची परीक्षा, १९४७. जून १९४८ पासून प्राथमिक शिक्षिका, आधी स्कूल बोर्डाची आणि १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर जिल्हा परिषदेची. सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात, त्यातली १९५७ ते १९७१ ही वर्षं सासरच्या गावीच, पाटण तालुक्यात. निवृत्ती ३१ मे १९८८. मुलं चार, नातवंडं नऊ, पणतवंडं पाच. मृत्यू ७ जानेवारी २०२४.

२५ फेब्रुवारी

साफसफाई. चार वह्यांना कसर लागली आहे, एकीची पाठीकडची दहा पानं एकमेकांना चिकटली आहेत. जुन्या सुती साडीवर सावलीत पसरल्या, उन्हात नाही. मऊ ब्रशने धूळ काढली, गंजलेल्या पिना काढल्या. फाटकी पानं लॅमिनेट करून टाकू, असं काका म्हणाले. मी नको म्हटलं. एकदा प्लास्टिक वितळून कागदाला बसलं की ते परत सुटत नाही. सेलोटेपही नको, काही वर्षांत पिवळा पडतो आणि डाग सोडून जातो. फाटकी पानं आहेत तशी कापडी बासनात बांधली.

१० मार्च

स्कॅनिंग सुरू. शाईची पानं ३०० डीपीआयला पुरेशी स्पष्ट येतात, शिसपेन्सिलीची ६०० ला. फाइलच्या नावात फक्त वहीचा आणि पानाचा क्रमांक. तारखेचा अंदाज वेगळ्या तक्त्यात ठेवायचा, कारण अंदाज बदलणार हे पहिल्याच दिवशी कळलं.

तिचं अक्षर यंत्राला वाचता येत नाही, छापील मराठी जमतं. त्यामुळे बाबा वाचणार, मी टाइप करणार. आज नऊ पानं झाली. बाबा मधेच थांबतात, मग मीही थांबते.

२३ मार्च

अर्ध्याहून जास्त वह्यांवर वर्ष नाही. टाचणात 'सोमवार, ता. ९' एवढंच, कारण लिहिणारीला वर्ष ठाऊकच होतं! आज मात्र वाट सापडली आणि ती सापडली तिच्या शुद्धलेखनात.

वही ७ मध्ये ती लिहिते : 'आज शाळेंत मुलें कमी. नदीस पाणी आलें. दोघांस आणावयास गेलें, आलीं नाहींत.' वही १६ मध्ये : 'आज शाळेत मुले कमी. नदीस पाणी आले.' तेच गाव, तीच नदी, टिंबं गेली. अनुच्चारित अनुस्वार देऊ नयेत हा नियम १९६२ चा. मराठी साहित्य महामंडळानं तेव्हा १४ नियम केले, सरकारनं ते स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार जोडले गेले. म्हणजे टिंबं असलेली वही ढोबळमानाने १९६२ च्या आधीची, नसलेली नंतरची. 'ढोबळमानाने' यासाठी की जुनी सवय असलेले कितीतरी लोक पुढे वर्षानुवर्षं टिंबं देत राहिले. आजी त्यांतली नव्हती. वही १४ ही अदलाबदलीची वही आहे. तिच्यात पानभर 'शाळेंत', 'त्यांत', 'नाहीं' लिहिलेलं आहे आणि ब्लेडच्या टोकाने एकेक टिंब खरवडून काढलं आहे. पान उजेडासमोर धरलं तर बारीक भोकं दिसतात. खाली शेरा : 'मुलांना टिंबे द्यायला मीच शिकवले. आता काढायला सांगायचे. आधी स्वतःची काढावी.'

बाबांनी हे दोनदा वाचलं.

अजून दोन खुणा मिळाल्या. पत्त्यात 'जि. उ. सातारा' असेल तर ते पत्र १९४९ ते १९६० मधलं, कारण तेवढीच वर्षं उत्तर सातारा हा वेगळा जिल्हा होता. आणि हिशेबात आण्यांऐवजी नये पैसे आले की १ एप्रिल १९५७ नंतरचं. एका टाचणात तिनं नव्या नाण्यांचा पाठ आखला आहे. रुपयाचे १६ आणे आणि रुपयाचे १०० नये पैसे समोरासमोर मांडले आहेत, आणि एका आण्याचे सव्वासहा येतात म्हटल्यावर पुढे लिहिलं आहे : 'पाव नया पैसा कोठून आणावा? मुलें विचारणार.' या तीन खुणांवर २९ वह्या पाच-सहा वर्षांच्या टप्प्यात बसल्या.

३० मार्च

तिच्या वडिलांची दोन पत्रं मोडीत आहेत. मला येत नाही. ओळखीतल्या एका मोडी जाणणाऱ्या काकूंकडे प्रती पाठवल्या.

१४ एप्रिल

जुन्या विद्यार्थ्यांना फोन. पहिले चार फोन वाया गेले, आणि चूक माझ्या प्रश्नात होती. 'बाईंबद्दल काय आठवतं?' असं विचारलं की माणूस सत्कारातलं बोलायला लागतो. बाई फार शिस्तीच्या, बाई देवमाणूस, आज मी जो आहे तो बाईंमुळे. सगळं मनापासूनचं, पण त्यात बाई दिसत नाहीत.

पाचव्या फोनला सहज विचारलं, 'तुम्ही वर्गात कुठे बसायचात?' हे आजोबा घणसोलीत असतात, माथाडी कामगार म्हणून निवृत्त झाले. क्षणभर थांबले आणि मग पंचवीस मिनिटं बोलले. खांबाशी बसायचे, कारण खांबाला टेकलं की पाठीमागचं फाटलेलं दिसत नसे. ते बाईंच्या लक्षात आलं होतं. त्यांनी कधी काही विचारलं नाही, फक्त फळ्यावर बोलवायच्या वेळी याला सोडून द्यायच्या आणि याचं उत्तर जागेवरूनच घ्यायच्या. दिवाळीनंतर त्याला सदरा मिळाला, त्या दिवशी पहिल्यांदा नाव पुकारलं : 'ये रे फळ्याकडे.'

आता सगळ्यांना हाच पहिला प्रश्न. बोलणं रेकॉर्ड करायच्या आधी विचारते, आणि छापायच्या आधी मजकूर वाचून दाखवणार हेही सांगते.

२८ एप्रिल

काकांनी लेख पाठवला. 'आई म्हणजे मायेचा सागर, त्यागाची मूर्ती, ज्ञानाची गंगोत्री.' दोन पानं अशीच आहेत.

मी चौथीत असताना निबंधात लिहिलं होतं, 'माझी आई प्रेमळ व कष्टाळू आहे.' आजी तेव्हा निवृत्त झालेली होती, पण लाल पेन्सिल निवृत्त झाली नव्हती. तिनं 'प्रेमळ'खाली रेघ मारून समासात लिहिलं : 'कशावरून?' मी विचार करून लिहिलं की शाळेची घाई असली की आई माझं बटण मी घातलेल्या गणवेशावरच शिवते आणि सुई टोचू नये म्हणून आतून स्वतःचं बोट धरते. त्यावर बरोबरची खूण मिळाली. 'प्रेमळ' हा शब्द तिनं खोडायला लावला नाही, पण मलाच तो नंतर नकोसा झाला.

काकांना हे सांगितलं आणि पुस्तिकेतल्या प्रत्येक वाक्याला हाच प्रश्न विचारायचा असं सुचवलं. ते दुखावले. 'म्हणजे मी खोटं लिहिलंय का?' खोटं मुळीच नाही. पण आजीला शोधायचं तर ती जिथं आहे तिथं शोधायला हवं, आणि सागरात, गंगोत्रीत ती मला सापडत नाही. फोनवर हे मला नीट मांडता आलं नाही.

४ मे

काका स्वतः आले. सोबत वही ३७, घरखर्चाची. शेजारी बसून दोन पानं उघडली आणि म्हणाले, 'हे घे. कशावरून ते यावरून.'

आजोबा मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. मार्चमध्ये आजोबा गावी आले आणि मग परत कामावर जाणं झालंच नाही. घर आजीच्या पगारावर आलं. वही ३७ मध्ये १९८२ च्या मार्चपर्यंत खर्च आजीच्या अक्षरात आहे. १ एप्रिलपासून आजोबांच्या. आजी पगार आणून आजोबांच्या हातात द्यायची, दुकानदाराला, दूधवाल्याला, काकांच्या कॉलेजच्या फीला पैसे आजोबाच काढून द्यायचे आणि लिहायचे. काका तेव्हा कराडला शिकत होते. ते म्हणाले, 'मला तेव्हा वाटलं होतं, आईला वेळ नाही म्हणून वही अण्णांकडे गेली.' अण्णा म्हणजे आजोबा. आजोबा १९९१ ला गेले, त्या महिन्यापर्यंत अक्षर त्यांचंच आहे.

काकांचा लेख आता एका पानाचा झाला आहे आणि तो त्या दोन अक्षरांवर आहे. मला तो पुस्तिकेतला सर्वांत चांगला मजकूर वाटतो.

यावरून एक काम वाढलं : प्रत्येक वहीत अक्षर कुठे बदलतं ते बघायचं. वही १९ मध्ये मागची काही पानं एका लहान मुलाच्या हातची आहेत. कुणीतरी विद्यार्थी असेल म्हणून मी ती बाजूला ठेवली होती.

१२ मे

गावी गेलो, बाबा आणि मी. शाळेची इमारत नवी आहे. मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टर कार्यालयात बसून पाहू दिलं. फोटो नाही, फक्त टिपणं. ते योग्यच आहे, त्यात माणसांच्या जन्मतारखा आणि जाती आहेत.

जून १९६४ च्या दाखल्यांत आजीच्या अक्षरातली ३१ नावं. त्यातल्या २२ जणांची जन्मतारीख १ जून. आपल्याकडे त्या पिढीच्या गावोगावच्या लोकांचा वाढदिवस १ जूनलाच का येतो, ते सगळ्यांना माहीत आहे. पोराला शाळेत घालताना घरच्यांना तारीख सांगता येत नसे, शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी वयाचा अंदाज घेऊन १ जून टाकायचे.

घरी आल्यावर वही १५ चं शेवटचं पान कशाचं होतं ते उलगडलं. तिथं नावांपुढे असं काही लिहिलं आहे : 'भातकापणीत', 'पेरणी आटोपल्यावर', 'बेंदराच्या आदल्या दिवशी', 'धाकट्या दिराचे लग्न झाले त्या मार्गशीर्षात'. रजिस्टरमध्ये एकच तारीख लिहावी लागली, म्हणून आयांनी जे सांगितलं ते तिनं स्वतःच्या वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं. ३१ पोरांचे खरे वाढदिवस ६० वर्षं ट्रंकेत होते.

यादीच्या खाली, एक ओळ सोडून : 'मी : आईस आठवत नाही. थंडी होती म्हणते.'

म्हणजे १ जून नाहीच. आम्ही दर वर्षी १ जूनला तिचं औक्षण करायचो. ती कधी काही बोलली नाही.

२ जून

मनिऑर्डरच्या पोचा लावल्या. पैसे मिळाल्याची सही किंवा अंगठा असलेली पोच पाठवणाऱ्याकडे परत जायची, म्हणून त्या आजोबांकडे मुंबईत जमल्या आणि आजोबांबरोबर गावी आल्या. पैसे घेणारी पणजी, आजीची सासू. सप्टेंबर १९५९ पर्यंत अंगठा. त्याच वर्षीच्या दिवाळीपासून सही. पहिल्या सहीत शेवटचं अक्षर कागदाच्या कडेला जागा संपली म्हणून वर चढलं आहे.

१९५९ ला सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. प्रौढांना लिहा-वाचायला शिकवायचं, गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ. पुढे ती मोहीम राज्यभर गेली. आजी रात्री कंदिलावर बायकांचा वर्ग घ्यायची, हे घरात माहीत होतं. त्या वर्गात तिची सासू बसायची हे आम्हाला माहीत नव्हतं. वही १० : 'सासूबाई मागें बसतात. मी विचारलें तर उत्तर देत नाहींत, शेजारणीस सांगतात.' सुनेनं शिकवायचं आणि सासूनं शिकायचं, एकाच घरात, दिवसभराची धुणीभांडी झाल्यावर. शेजारणीमार्फत उत्तर देण्याची ती वाट दोघींनी मिळून काढली असणार.

मुंबईत ती पहिली सही बघून आजोबांना काय वाटलं असेल, याचा पुरावा कुठे नाही. पण त्यांनी पोचांची चवड सुतळीने बांधली आहे आणि ती पोच सर्वांत वर ठेवली आहे.

९ जून

मोडी पत्रं वाचून आली. एक बियाण्याबद्दल. दुसऱ्यात वडील लिहितात की नोकरी सोडू नये, पगार किती हा प्रश्न नाही. पत्राला तारीख नाही.

२२ जून

भूकंपाची पानं. वही १९.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनानगरचा भूकंप. आमच्या गावात निम्म्याहून जास्त घरांच्या भिंती गेल्या. १० डिसेंबरच्या रात्री लिहिलेलं ११ तारखेचं टाचण पूर्ण आहे : चढता-उतरता क्रम, एक कविता, दुपारी हस्तव्यवसाय. त्याखाली पेन्सिलीने दोन शब्द : 'वर्ग नाही.' मग सहा कोरी पानं. तिनं ती वगळली नाहीत, प्रत्येकावर तारीख घातली आहे.

२६ डिसेंबर : 'चिंचेखाली. पट ३८, हजर ९. पाट्या नाहीत. मातीवर काडीने लिहिले. बेरीज पुसायला पाय पुरतो.'

जानेवारीत हजर २०, मग २६. ती काय शिकवते ते पानोपानी आहे, तिच्या घराबद्दल एक अक्षर नाही. घरी काय होतं ते बाबांनी सांगितलं, ते तेव्हा सात वर्षांचे होते. भिंत पडून पणजीचा पाय मोडला. धाकटी आत्या चार महिन्यांची होती. तिला इतके दिवस पणजी सांभाळायची.

७ जुलै

वही २०, जून १९६८. 'गावातील ६ ते ११ वयाच्या, शाळेत न येणाऱ्या मुली.' आडव्या-उभ्या रेघा आखून तक्ता. क्रमांक, नाव, कारण, शेरा.

क्र. २ : 'गुरे.' शेरा : 'चार वेळा गेले. वडील भेटत नाहीत.' क्र. ५ : 'लग्न ठरले.' शेरा : 'सासरे शहाणे वाटतात, त्यांना पत्र लिहिले.' क्र. ९ : 'कपडे नाहीत.' शेरा : 'दिले. सोमवारी येते म्हणाली.' त्याखाली वेगळ्या शाईत : 'आली.'

बाबा वाचत होते, मी टाइप करत होते. १३ झाले आणि बाबा थांबले. मला वाटलं अक्षर लागत नाही. मी वही माझ्याकडे ओढली.

क्र. १४ ला मोठ्या आत्याचं पूर्ण नाव आहे. वय १०. कारण : 'लहान बहीण सांभाळते. आजी आजारी. आई नोकरीस.' शेरा : 'रोज भेटते.'

त्या रकान्यात बाकी काही नाही.

आज पुढे काम केलं नाही.

१४ जुलै

घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. मोठी आत्या जानेवारी १९६८ ते जून १९६९ शाळेत गेली नाही, चौथीचं वर्ष गेलं. ती नंतर मॅट्रिक झाली, पोस्टात लागली, तिथूनच निवृत्त झाली. पण भाऊबीजेला कधी चिडली की म्हणायची, 'गावभरच्या पोरी शाळेत घालणाऱ्या बाईंची पोर घरात होती.' आजी तेव्हा तिथून उठून जायची. मी लहान होते, मला वाटायचं आजीला राग आला.

बाबांचं म्हणणं, यादी छापू नये. काकांचं म्हणणं, १३ पर्यंत छापावी. मी दोघांना सांगितलं की १३ पर्यंत छापली तर ती आजीची यादी राहत नाही. पण निर्णय आमचा नाहीच.

२१ जुलै

मोठ्या आत्याकडे गेले. छापील प्रत नेली नाही, वहीच नेली. तिनं चष्मा लावून क्र. १ पासून वाचायला घेतलं, प्रत्येक मुलीचं पुढे काय झालं ते सांगत. ही कोल्हापूरला असते. ही गेली. हिचा मुलगा डॉक्टर आहे. मला १४ वर यायचं नव्हतं आणि ती येत होती.

१४ वर बोट ठेवून ती बराच वेळ बसली.

'म्हणजे मला धरलं होतं तिनं यादीत.'

मी काही बोलले नाही.

'रोज भेटते,' तिनं मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, 'धरलं होतं, पण पाठवलं नाही. लिहून ठेवलं म्हणून दीड वर्ष परत येत नाही गं. हे तू तुझ्या पुस्तकात गोड करून घालू नकोस.'

नाही घालणार, म्हणाले.

चहा झाल्यावर, निघता निघता, मी वही १९ मधली लहान अक्षरातली पानं दाखवली. कुणाचं अक्षर ओळखता येईल का म्हणून. ती हसली. 'माझंच की.' दिवसा धाकटीला झोळीत घालून दोरी पायाला बांधायची आणि टाचणवहीतल्या मागच्या पानांवर आजीनं घालून दिलेली गणितं सोडवायची. रात्री आजी तपासायची. 'चुकलं की परत. दमलेली असायची, वही हातात धरून बसल्या बसल्या झोपायची. मी हळूच काढून घ्यायची.' पानांवर लाल खुणा आहेत, त्यातली एक अर्ध्यात घसरत पानाच्या खालपर्यंत गेली आहे. मी ती स्कॅन करताना 'डाग' म्हणून नोंदवली होती. दुरुस्त केलं.

वह्या १९ आणि २० आज तिच्याकडे ठेवून आले.

११ ऑगस्ट

आत्याचा फोन. यादी पूर्ण छापायची. बाकी तेरा जणींचं फक्त आद्याक्षर, त्यांना विचारल्याशिवाय नावं नाहीत. 'माझं पूर्ण छाप.' शेजारी तिचा स्वतःचा मजकूर असेल, तो ती लिहून देणार आणि त्यात कुणी काही बदलायचं नाही.

१५ सप्टेंबर

रविवारच्या फोनचं पान. आजी निवृत्त झाल्यावर दर रविवारी सगळ्यांना फोन करायची, मोठ्या आत्यापासून धाकट्या पणतवंडापर्यंत, वयाच्या क्रमाने. क्रम चुकायचा नाही. कुणी उचलला नाही तर संध्याकाळी परत. आम्ही त्याला हजेरी म्हणायचो. यावर तीन भावंडांनी तीन लेख दिले आहेत, तिन्ही तेच सांगतात. एकच घेते.

त्याऐवजी २०१९ ची आठवण सविस्तर घालते. त्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असं वाचन आलं आणि सगळीकडे वाद झाला. घरातही झाला. आजी तेव्हा ८९ वर्षांची. तिनं पणतूचं पुस्तक मागवून घेतलं, ती पानं पूर्ण वाचली, मग त्याला समोर बसवून दोन्ही रीतींनी शंभरपर्यंत म्हणवून घेतलं. 'एकोणसत्तर'ला तो अडखळला, 'साठ नऊ'ला नाही. काका म्हणाले, आई, हे मराठीचं नुकसान आहे. ती म्हणाली, 'पोर अडलं कुठं ते बघितलंस का?' आणि त्याला एकोणसत्तर पाठ होईपर्यंत उठू दिलं नाही.

वही १४ मधली खरवडलेली टिंबं या पानासमोर ठेवणार आहे.

२० ऑक्टोबर

मांडणी. तिचे उतारे ज्या वेळचे त्या वेळच्या शुद्धलेखनात छापायचे, टिंबांसकट. आपला मजकूर आजच्या नियमाने. मुद्रितशोधकानं भलेपणानं 'नाहीं'ची सगळी टिंबं काढून टाकली होती, ती परत घालायला दोन संध्याकाळी गेल्या.

मुखपृष्ठावर फोटो नाही. वही १९ मधलं २६ डिसेंबरचं पान.

जन्मतारीख : 'शाळेच्या दप्तरी १ जून १९३०. आईच्या सांगण्याप्रमाणे, थंडीत.'

१७ नोव्हेंबर

स्कॅनच्या तीन प्रती झाल्या : माझ्याकडे, काकांकडे, एक ऑनलाइन. मूळ वह्या बासनात, ट्रंकेत नाही, कपाटात. वही १५ मधल्या खऱ्या वाढदिवसांपैकी ११ जणांना फोन करून त्यांच्या आईनं काय सांगितलं होतं ते कळवलं. एक आजी म्हणाल्या, 'बेंदराच्या आदल्या दिवशी? मग मी बैल रंगवायच्या वासातच जन्मले असणार.' घणसोलीचे आजोबा भातकापणीचे निघाले.

८ डिसेंबर

आत्याचा मजकूर आला. दीड पान. पहिलं वाक्य : 'मी क्रमांक १४.' शब्दही बदलला नाही.

२९ डिसेंबर

छापखान्यातून १५० प्रती आल्या. पहिली प्रत मोठ्या आत्याला नेऊन दिली. तिनं सरळ पान ४१ काढलं, यादी पाहिली, मग माझी तळटीप वाचली : 'परत शाळेत : १६ जून १९६९.' पर्समधून लाल पेन्सिल काढली. आजीचीच आहे म्हणाली, बोटभर उरलेली.

दुसऱ्या आवृत्तीसाठी दुरुस्ती १ : पान ४१, तळटीप. 'सोमवार होता, पाऊस होता. आई पुढे, मी मागे, धाकटी माझ्या कडेवर. झोळी वर्गातल्या खांबाला बांधली.'